गव्हर्नर साहेब आणि ८०० मेगाहर्ट्झ
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण, प्रश्नोत्तरांसह)



या व्यासपीठावर दरवर्षी संतसाहित्य, होळकरशाही, नाट्यसंगीत असे विषय होतात. यंदा कार्यकारिणीने आम्हाला सांगितलं की, तुम्ही सरकारी कार्यालयात संगणकाची कामं पाहणारी माणसं, तुमच्याच कामातलं काहीतरी सांगा, फक्त ते आजीलाही कळलं पाहिजे. आम्ही म्हणजे आम्ही तिघं. बोलणारा एक आहे, बाकीचे दोघे तिसऱ्या रांगेत बसलेत आणि काही राहिलं तर तिथूनच हात वर करणार आहेत. म्हणून आज सगळं ‘आम्ही’मध्येच चालेल. त्यात राजेशाही थाट काही नाही.

विषय असा आहे: संगणकाचा प्रोसेसर किती वेगाने चालायचा हे कोण ठरवतं? आणि कोणीच काही सांगितलेलं नसेल, तर कोण ठरवतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात मिळतं. दुसऱ्या प्रश्नापायी मात्र एका मुलीची नोकरी जायची वेळ आली होती. ते पुढे येईलच.

आधी दोन शब्द. कर्नल हा फौजेतला नव्हे. लिनक्ससारख्या प्रणालीच्या अगदी गाभ्यात जो प्रोग्राम असतो, जो प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड या सगळ्यांचा कारभार पाहतो, तो कर्नल. आणि गव्हर्नर म्हणजे भोपाळचे राज्यपाल नव्हेत. हा शब्द इंजिनांच्या जगातून आला. जेम्स वॉटने १७८८ मध्ये आपल्या वाफेच्या इंजिनावर दोन फिरते गोळे बसवले. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जायचे आणि वाफेची झडप थोडी बंद व्हायची, वेग घटला की उलट. आपल्यापैकी ज्यांच्या गावाकडच्या विहिरीवर किर्लोस्करचं तेलाचं इंजिन होतं, त्यांनी त्याचा गव्हर्नर पाहिला असेल. निदान त्याच्या नावाने मिस्त्रीला शिव्या घातलेल्या ऐकल्या असतील.

यात एक गंमत आहे. इंजिनाचा गव्हर्नर भार कमी-जास्त झाला तरी वेग एकसारखा ठेवतो. संगणकातला गव्हर्नर नेमकं उलटं करतो, भार पाहून वेगच बदलतो. नाव तेच, काम उफराटं. सरकारी खात्यात असल्यामुळे आम्हाला याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही.

आता वेग म्हणजे काय? प्रोसेसरच्या आत एक ठोका चालू असतो. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके. तबल्यावर लय वाढवली की तीच बंदिश लवकर संपते, तसंच इथे. मग लय नेहमी चढीच का ठेवू नये? कारण वीज आणि उष्णता. चिपमध्ये चालू कामासाठी जी वीज खर्च होते, ती ठोक्यांच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वर्ग हा शब्द महत्त्वाचा आहे. ठोके कमी केले की चिपला कमी व्होल्टेज पुरतं, आणि खरी बचत तिथे होते.

हिशोब करून पाहू. वेग ८० टक्क्यांवर आणला आणि त्यामुळे व्होल्टेज ९० टक्के चाललं असं धरा. ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१, आणि त्याला ०.८ ने गुणलं की सुमारे ०.६५. वेग वीस टक्के घटला, वीज पस्तीस टक्के घटली. सौदा चांगला दिसतो. पण काम संपायला आता सव्वापट वेळ लागणार, आणि तेवढा वेळ बाकीचं मशीनही चालू राहणार. प्रोसेसर पूर्ण वेगाने ४० वॅट घेतो आणि बाकीचं सामान ३० वॅट, असं धरा. पूर्ण वेगाने १०० सेकंदांचं काम: ७० गुणिले १००, म्हणजे ७,००० ज्यूल. कमी वेगाने: २६ अधिक ३०, म्हणजे ५६ वॅट, गुणिले १२५ सेकंद. पुन्हा ७,०००! काम संपताच मशीन बंद होणार असेल, तर एवढा खटाटोप करून हाती शून्य. मशीन दिवसभर चालूच राहणार असेल आणि मधला वेळ रिकामा जाणार असेल, तर मात्र कमी वेगाने थोडी बचत होते. म्हणजे ‘हळू चालवा, वीज वाचेल’ हे वाक्य ना खरं, ना खोटं. काम कसं आहे त्यावर ते ठरतं.

नुसते ठोके कमी केले आणि व्होल्टेज तेवढंच ठेवलं, तर काय होतं? याला आपल्या घरातलाच दाखला आहे. पूर्वी पंख्याचा रेग्युलेटर म्हणजे भिंतीवरची मोठी काळी डबी असायची, हात लावला की गरम लागायची. आत रोधाची तार. पंखा हळू व्हायचा, पण वाचलेल्या विजेचा बराच भाग ती डबीच उष्णतेत घालवायची. पेंटियम ४ च्या काळात लिनक्समध्ये ‘पी४-क्लॉकमॉड’ नावाचा एक ड्रायव्हर होता, तो याच जातीचा. व्होल्टेजला हात न लावता मधले मधले ठोके फक्त गाळायचा. आकडा कमी दिसायचा, काम रेंगाळायचं, आणि विजेची बचत म्हणावी तशी नसायची. शेवटी कर्नलवाल्यांनी अशी व्यवस्था केली की, आपोआप वेग बदलणारे गव्हर्नर त्या ड्रायव्हरला हातच लावू शकणार नाहीत. नावापुरती बचत करणाऱ्याला अधिकारातून बाजूला काढलं. हे आम्हाला फार आवडलं.

खरी सोय सन २००० च्या सुमारास आली. इंटेलने लॅपटॉपच्या पेंटियम ३ मध्ये ‘स्पीडस्टेप’ आणलं, एएमडीने ‘पॉवरनाऊ’ आणलं, आणि ट्रान्समेटा नावाच्या छोट्या कंपनीने ‘क्रूसो’ नावाचा प्रोसेसर काढला. त्यात वेग आणि व्होल्टेज दोन्ही चालू कामात बदलायची युक्ती होती. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स त्या काळात त्याच कंपनीत नोकरीला होते, १९९७ ते २००३. पुढे कर्नलच्या २.६ मालिकेत, म्हणजे २००३ च्या अखेरीस, ‘सीपीयूफ्रीक’ ही यंत्रणा सर्वांसाठी आली.

या यंत्रणेत दोन माणसं असतात असं समजा. एक ड्रायव्हर. त्याला एवढंच माहीत की या प्रोसेसरला वेगाच्या किती पायऱ्या आहेत आणि पायरी कशी बदलायची. दुसरा गव्हर्नर, कोणत्या पायरीवर जायचं हा निर्णय त्याचा. आपल्याकडे जसं निर्णय साहेबांचा आणि फाईल हलवणारा बाबू वेगळा.

साहेबांचे स्वभाव वेगवेगळे. ‘परफॉर्मन्स’ साहेब कायम वरच्या पायरीवर. ‘पॉवरसेव्ह’ साहेब कायम खालच्या पायरीवर, मग समोर लग्नाची वरात येवो की पूर येवो. ‘यूजरस्पेस’ साहेब स्वतः काही ठरवत नाहीत, वरून आदेश येईल तसं. ‘ऑनडिमांड’ हे २००४ च्या ऑक्टोबरमध्ये २.६.९ या आवृत्तीत रुजू झाले. इंटेलमधल्या वेंकटेश पल्लीपाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम. ठरावीक वेळाने प्रोसेसर किती व्यग्र होता ते ते पाहतात. मर्यादेपेक्षा जास्त व्यग्र दिसला, मूळ मांडणीत ही मर्यादा ८० टक्के होती, की एकदम सर्वांत वरच्या पायरीवर उडी. काम ओसरलं की खाली. ‘कन्झर्व्हेटिव्ह’ साहेब त्याच घराण्यातले, पण उडी मारत नाहीत, पाच-पाच टक्क्यांनी चढतात आणि भार २० टक्क्यांखाली गेला की तसेच उतरतात. आणि सर्वांत नवे ‘शेडयूटिल’, २०१६ च्या जुलैमध्ये ४.७ आवृत्तीत आलेले, राफाएल विसोकी यांनी लिहिलेले. ते ठरावीक वेळाने डोकावून पाहत नाहीत. कोणतं काम कोणत्या प्रोसेसरवर जाणार हे कर्नलचा जो भाग ठरवतो, त्याचेच आकडे ते वापरतात, आणि गरजेपेक्षा सव्वापट वेग मागतात, म्हणजे थोडी जागा हाताशी राहते. आज या सगळ्या यंत्रणेची देखभाल विसोकी आणि विरेश कुमार हे दोघे पाहतात. भारतीय नावं या कामात सुरुवातीपासून आहेत, हे सांगायला आम्हाला बरं वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. मशीन सुरू झालं, अजून कोणी लॉगिनही केलेलं नाही. त्या क्षणी कोणते साहेब खुर्चीवर? खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. म्हणून कर्नल तयार करतानाच, त्याच्या मांडणीच्या यादीत एक ओळ भरावी लागते: डीफॉल्ट गव्हर्नर कोण. सरकारी भाषेत सांगायचं तर, पुढील आदेश येईपर्यंत प्रभार कोणाकडे. आमचा नोकरीतला अनुभव असा की ‘पुढील आदेश’ क्वचितच येतो. प्रभारी माणूसच निवृत्तीपर्यंत त्या खुर्चीत बसतो. संगणकातही तेच होतं. शंभरातल्या फार थोड्या लोकांना ही ओळ आहे हे माहीत असतं. बाकीच्यांच्या मशीनचा वेग त्या अनोळखी माणसाने एकदा केलेल्या खुणेवर वर्षानुवर्षं चालतो.

ही खूण वेगवेगळ्या घरी वेगवेगळी असते. उबुंटूमध्ये बराच काळ एक छान तोडगा होता. कर्नलमध्ये डीफॉल्ट परफॉर्मन्स, म्हणजे मशीन सुरू होताना पूर्ण जोर. मग सुरुवातीच्या एका छोट्या स्क्रिप्टने साठ सेकंद वाट पाहायची आणि कारभार ऑनडिमांडकडे सोपवायचा. मूळ कर्नलमध्ये आता एआरएम जातीच्या प्रोसेसरांसाठी शेडयूटिल ही खूण आधीच केलेली असते, आणि जिथे वेगळं काही ठरलेलं नाही तिथे परफॉर्मन्स. २०२० च्या ५.९ आवृत्तीपासून तर मशीन सुरू करतानाच एका शब्दात डीफॉल्ट गव्हर्नर सांगता येतो, कर्नल पुन्हा बांधायची गरज नाही. त्याआधी ही सोय नव्हती.

आणि आमची गोष्ट त्याआधीची आहे. जिल्हा, कार्यालय, पुरवठादार, कोणाचंच नाव आम्ही सांगणार नाही. एक सरकारी खिडकी होती, जिथे खसरा-खतौनीच्या नकला, उत्पन्नाचे दाखले, असली कामं होतात. डझनभर मशिनं. एएमडीचे जुन्या पिढीचे दोन गाभ्यांचे प्रोसेसर, वरचा वेग ३ गिगाहर्ट्झ, खालचा ८०० मेगाहर्ट्झ. लिनक्स एका पुरवठादाराने बसवून दिलेलं, कर्नल ४.४ मालिकेतला. आमच्याकडे दोन कागद एकाच आठवड्यात आले. पहिला, ही मशिनं निकामी झाली आहेत, निर्लेखित करून भंगारात द्यायला तांत्रिक अभिप्राय द्यावा. दुसरा कागद त्याच खिडकीवरच्या कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर मुलीला दिलेल्या कारणे दाखवा नोटिशीची प्रत. काम संथ, रोज नकला प्रलंबित, नागरिकांच्या तक्रारी, सेवा समाप्त का करू नये.

मुलगी विशीतली, घरात कमावणारी एकटी. तिचं म्हणणं एवढंच की, सर, मी बटण दाबते आणि वाट पाहते. आम्ही खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. खरंच तसं होतं. बटण दाबायचं, गोल फिरत राहायचं, पलीकडे जाळीतून म्हातारी माणसं पाहत राहायची. डिस्क ठीक, मेमरी ठीक, केबल ठीक. मग आमच्यातल्या एकाने कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइलींमध्ये ‘स्केलिंग गव्हर्नर’ नावाची फाइल उघडली. आत एकच शब्द: पॉवरसेव्ह.

आता हे कोणी केलं असेल? आमचा अंदाज असा की, वीज बचतीची परिपत्रकं सगळीकडे फिरत असतात, आणि मांडणीच्या यादीत एक पर्याय ‘पॉवरसेव्ह’ या नावाने समोर दिसतो. नाव इतकं गुणी की कोणालाही वाटेल, हेच बरं. नावावरून निवड झाली, स्वभाव कोणी विचारला नाही. खरं तर तिथे हिशोब उलटाच होता. मघाचेच आकडे घ्या. ३ गिगाहर्ट्झवर १०० सेकंदांचं काम ८०० मेगाहर्ट्झवर ३७५ सेकंद. व्होल्टेज ७० टक्क्यांवर आलं असं धरलं तरी प्रोसेसर ५ वॅट घेणार, बाकीचं सामान ३० च घेणार, ३५ गुणिले ३७५ म्हणजे १३,००० च्या वर. जवळजवळ दुप्पट. शिवाय रांग संपेपर्यंत खिडकी बंद करता येत नव्हती, त्यामुळे दिवे, पंखे, प्रिंटर सगळं संध्याकाळी उशिरापर्यंत चालू. सगळंच काम प्रोसेसरचं नसतं, छपाईला लागायचा तेवढा वेळ लागतोच, म्हणून प्रत्यक्षात पावणेचारपट फरक नव्हता. पण रांगेतल्या माणसाला पुरेल एवढा होता.

इथे आम्हा तिघांत वाद झाला. एक म्हणाला, आत्ताच्या आत्ता सेटिंग बदला, लोक उभे आहेत. दुसरा म्हणाला, बदललं की पुरावा गेला, मुलीच्या नोटिशीला उत्तर कशाच्या जोरावर देणार? दोघांचंही बरोबर होतं. शेवटी दोन मशिनं होती तशी ठेवली आणि बाकीची बदलली. कर्नलमध्ये एक सुंदर नोंद असते, ‘टाइम इन स्टेट’. प्रत्येक पायरीवर प्रोसेसर किती वेळ होता याची यादी, एका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या मापात. मशीन बंद केलं की ती पुसली जाते, म्हणून रोज संध्याकाळी बंद करण्याआधी ती उतरवून घ्यायची. आठवडाभर घेतली. न बदललेल्या दोन मशिनांवर वरच्या तिन्ही पायऱ्यांसमोर शून्य, सगळा दिवस ८०० वर. बदललेल्या मशिनांवर बराचसा वेळ खालीच, पण नकल निघायच्या वेळी सर्वांत वर. हा कागद कोणालाही समजतो. त्याला संगणक यावा लागत नाही.

बदलायचं कोणावर, हाही वाद झाला. एकाचं म्हणणं परफॉर्मन्स लावून मोकळं व्हा, मोठमोठ्या सर्व्हरवर तज्ज्ञ मंडळीही तेच लावतात. ते खरं आहे. जिथे प्रतिसादाचा क्षण न् क्षण मोजला जातो, तिथे आम्हीही तेच लावू. पण इथे बिजली दिवसातून दोनदा जायची आणि यूपीएसच्या बॅटऱ्या थकलेल्या. जुन्या प्रोसेसरांना रिकामपणी गाढ झोप लागत नाही, वरच्या व्होल्टेजवर ते नुसते बसूनही वीज खातात. त्यात मे महिना, पत्र्याखालची खोली, पंख्यांत धूळ. कन्झर्व्हेटिव्ह लावून पाहिला. पण खिडकीवरचं काम म्हणजे क्षणभर मोठा भार आणि मग शांतता. पाच-पाच टक्क्यांनी चढेपर्यंत भार संपूनही जायचा. शेडयूटिल त्या जुन्या कर्नलमध्ये नव्हताच. राहिला ऑनडिमांड, आणि तो तिथे अगदी शोभला.

पहिल्या दिवशी हे एका छोट्या स्क्रिप्टने केलं, जी मशीन सुरू झालं की त्या फाइलीत नवा शब्द लिहायची. पण आम्हाला माहीत होतं की सहा महिन्यांनी कोणीतरी येऊन जुनीच प्रत पुन्हा बसवेल आणि स्क्रिप्ट पुसली जाईल. म्हणून रीतसर परवानगी घेऊन कर्नलच्या मांडणीतलीच ती ओळ बदलली, कर्नल पुन्हा बांधला आणि मूळ प्रतीतच घातला. सगळ्यांत जास्त वेळ कशाला लागला असेल? परवानगीला. कर्नल एका दुपारी बांधून झाला.

नोटिशीच्या उत्तराला ते आठवडाभराचे आकडे जोडले. नोटीस दप्तरी दाखल झाली, म्हणजे पुढे काही कारवाई झाली नाही. मुलीची माफी वगैरे कोणी मागितली नाही, ते आपल्याकडे होत नाही. निर्लेखनाच्या यादीत शेवटी दोनच मशिनं राहिली, त्यांचे मदरबोर्डवरचे कपॅसिटर खरोखरच फुगलेले होते. बाकीची पुढे बरीच वर्षं चालली.

आता एक सावधगिरीची सूचना, नाहीतर इथून घरी जाऊन कोणीतरी नसती उठाठेव करेल. नव्या इंटेल मशिनांवर ‘इंटेल पी-स्टेट’ नावाचा ड्रायव्हर असतो, २०१३ पासून. त्यातही ‘पॉवरसेव्ह’ नावाचा गव्हर्नर आहे, पण तो या जुन्या साहेबांसारखा खालच्या पायरीला चिकटून बसत नाही. तो भार पाहून वर-खाली करतो, म्हणजे स्वभावाने ऑनडिमांडच्या जवळचा. नाव एक, माणूस वेगळा. तेव्हा तुमच्या नव्या लॅपटॉपवर पॉवरसेव्ह दिसलं तर घाबरू नका. आधी ड्रायव्हर कोणता ते पाहा आणि काम करताना वेग खरंच चढतो का ते पाहा. त्यातही २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून बरेच निर्णय प्रोसेसर स्वतःच घेतो, कर्नल फक्त कल सांगतो, वेगाकडे झुकायचं की बचतीकडे. मिलिसेकंदात घ्यायचे निर्णय चिपनेच घ्यावेत हे योग्य आहे. पण त्या कलाचीही एक डीफॉल्ट खूण असतेच, आणि ती कोणीतरी केलेली असते.

भाषण संपलं. यानंतर जे प्रश्न आले त्यातले काही, स्मरणिकेसाठी इथे देत आहोत.

एका ज्येष्ठ काकांनी विचारलं, मोबाइलमध्येही असे गव्हर्नर असतात का? असतात, काका. अँड्रॉइडच्या गाभ्यात लिनक्सचाच कर्नल आहे. शिवाय मोबाइलमध्ये काही गाभे ताकदवान आणि काही काटकसरी असतात, त्यामुळे किती वेगाने या प्रश्नाबरोबर कोणत्या गाभ्यावर हाही प्रश्न येतो. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन संथ होतो, तो मात्र गव्हर्नरचा दोष नव्हे. चिप तापली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते, तिथे कोणाचाच आदेश चालत नाही.

एका वहिनींचा प्रश्न, मुलाचा लॅपटॉप चार्जर काढला की खेळात अडकतो, बिघडलाय का? बहुधा नाही, वहिनी. विंडोजमध्येही पॉवर ऑप्शन्समध्ये अशाच योजना असतात, आणि बॅटरीवर असताना मशीन काटकसरीकडे झुकतं. ती बदलता येते, पण बदलायची की खेळ बंद करायचा हे आम्ही सांगणार नाही.

एका आजींनी शेवटी विचारलं की, ते सगळं ठीक, पण पंखा एकवर ठेवला तर बिल कमी येतं की नाही? आजी, जुनी गरम होणारी काळी डबी असेल तर फारसा फरक पडत नाही. नवा, लहान बटणाचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर येतं.

आणि ग्रंथपालांचा प्रश्न: मंडळाच्या वाचनालयातला सूचीचा संगणक दोन वर्षांपासून रडतोय, तो नवा घ्यायचा ठराव कार्यकारिणीपुढे आहे. त्यांना आम्ही सांगितलं की विसर्जन झालं की पहिल्या रविवारी सकाळी आम्ही तिघं येऊन तो उघडून पाहतो, तोवर ठराव थांबवा. पोह्यांची व्यवस्था ग्रंथपालांनी कबूल केली आहे.